ज्याची बॅटरी त्याले वापस

मेडशी
१८ जून २०२४

अहो,

जय भीम. रविवारी फोनवरच्या पाच मिनिटांतले साडेचार मिनिटं तुमी मायशी आन् बाबाशी बोलले. माह्या हाती फोन आला तवा तुमच्या मांगून कोणतरी "चल बे, हो गया" म्हून वरडलं. म्हून पत्र लिवून राह्यली. ट्रेनिंग सेंटरवाल्यायनं तुमचे मोबाईल जमा करून घेतले, ते माह्यासाठी बरंच झालं. लग्नाच्या तीन वर्षांत तुमी मले एक ओळ लिवली नव्हती, आता दोन महिन्यांत तीन पत्रं आले.

पेरणी झाली. तिन्ही एकरांत सोयाबीन, मधात तुरीचे तास. बाबा धुऱ्यावर उभे राहून ट्रॅक्टरवाल्याले शिकवत होते, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होताच. मायचे गुडघे तसेच दुखतात.

माह्यं आशाचं काम जोरात आहे. घरचं आटपून दहाले निंगते. यंदा आमाले नवीन काम देलं. तीस वर्षांवरच्या हरेक माणसाचा फॉर्म भरायचा, आन् जो तंबाखू-खर्रा खाते त्याचं तोंड पाहायचं. गालाच्या आतून, जिभेखालून. पांढरा नाहीतर लाल चट्टा दिसला का दवाखान्यात पाठवायचं. आपल्या वस्तीतले घरं तुमाले माईतच आहेत. बाहेर भर दुपार, आत अंधार. म्हून बॅटरी रोज जवळ लागते.

आतापर्यंत तुमी जातानी देलेली बल्बची बॅटरी मी नेत होती. आता गंमत झाली. दवाखान्यात पेशंट पाहाले नवे सर आले, आसेगावचे, संघदीप सर. त्यायनं मले एलईडीची बॅटरी देली. पेनाएवढी, एका बारक्या सेलवर चालते. उजेड असा पांढरा सफेद का माह्यासोबतच्या भागिरथाबाईच्या अक्कलदाढेची कीड बी दिसली! सर लय हुशार आहेत. समजावून सांगतात, कोणत्याच बाईवर वरडत नाहीत.

आता बॅटऱ्या झाल्या दोन, आन् पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात जागा एकीचीच. तुमचं इलेक्ट्रिकचं आयटीआय झालेलं आहे. तुमीच सांगा, रोजच्या कामाले कोणती ठेवू? तुमची बल्बची, का ही एलईडी?

तुमची
पल्लवी

•

राजस्थान
३० जून २०२४

पल्लवी,

जय भीम. परेडवरून आलो तर खाटेवर तुह्यं पत्र. बूट न काढता वाचलं.

इलेक्ट्रिकचं इचारलं तर सांगतो. बल्बमध्ये तार तापते, तिच्यातून उजेड निंगते, चुलीसारखा, दिव्यासारखा. माणसाच्या डोळ्याले तो उजेड हजारो वर्षांपासून ओळखीचा. एलईडीत तारच नाही. तिचा उजेड मुळात निळा असते, वरून लेप लावून पांढरा करतात. डोळ्यात टोचते. लेकराच्या तोंडावर मारली तर लेकरू रडन. आन् बल्बचे सेल मरत आले का उजेड मंद होते, दोन दिवस आधी सांगते का बाई, माह्यं होत आलं, सोय कर. ह्या सस्त्या एलईडी शेवटपर्यंत चमकतात आन् एक दिवस एकदम दगा देतात. काही माणसंबी तसेच असतात.

म्हून माह्यं मत, बल्ब.

आता एक इचारतो, राग मानू नको. त्या सरनं तुलेच काहून देली? वय काय त्याचं? लग्न झालं का? तू लिवलं 'सर लय हुशार आहेत'. तुह्ये आजवरचे सगळे पत्रं मी पुन्हा काढून पाह्यले. माह्यासाठी हुशार हा शब्द कुठंच नाही.

इथं बराकीत कोणाच्या बायकोचं पत्र आलं का सगळे गोळा होतात. मी बाजूच्या खाटेवरच्या किसनसिंगले तुह्यं पत्र वाचून दाखवत होतो, हिंदीत करून. पत्रात त्या सरचं नाव आलं तिथं थांबलो. तो म्हणे, "आगे पढ़ ना." मी म्हटलं, बस, इतनाच है.

विनोद

•

मेडशी
११ जुलै २०२४

अहो,

तुमचं पत्र वाचून पहिले हसली, मंग हसू गेलं.

मलेच नाही देली. आमी अकरा आशा आहोत, अकराच्या अकरा जणींले देली. सरनं अकोल्यावरून स्वतः आणल्या. मी एकटीचं लिवलं कारण पत्र मी लिवत होती, अकरा जणी नव्हत्या लिवत. वय एकतीस. लग्न झालं नाही. इचारलं म्हून सांगतलं, मले त्याच्याशी काही घेणं नाही.

बॅटरीचं म्हणाल तर मी तुमचं ऐकलं आन् दोन्ही घेऊन फिरली. परीक्षाच घेतली म्हणा. तुमची एकदा हातातून उंबऱ्यावर पडली, लगेच तार तुटली, नवा बल्ब तालुक्याले, मालेगाववरून आणा लागला. एलईडी तीनदा पडली, तिले काही झालं नाही. तुमचीचे दोन सेल चार दिवस पुरतात. तिचा एक सेल महिना झाला, अजून तोच आहे. आन् तुमचीच्या उजेडात मधोमध एक काळं भोक पडते, नेमकं पाहायचं तिथंच.

पण तुमचं एक खरं. वरच्या आळीतल्या राखीचं दोन महिन्यांचं लेकरू पाहाले गेली, तर एलईडीनं ते डोळे घट्ट मिटून वरडाले लागलं. तुमची लावली तर टुकूटुकू पाहत राह्यलं. राखी म्हणे, "ताई, ह्या उजेडाले माह्यं लेकरू भेत नाही."

मंग रामीबाईकडे गेली. साठीची बाई, चाळीस वर्षांपासून तंबाखू लावते. तुमच्या बॅटरीनं पाह्यलं, सगळं तोंड पिवळं, दात पिवळे, गाल पिवळा, काही समजलं नाही. एलईडीनं पाह्यलं तर गालाच्या आत तुरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. दवाखान्यात नेलं. सर म्हणाले, "पल्लवीताई, वेळेवर पाहिलं तुम्ही. हे आत्ताच बरं होईल." रामीबाईनं माह्या गालावरून हात फिरवला.

मी बारावी शिकली, पण लग्नानंतर माह्या हातून झालेल्या कामाले कोणी पहिल्यांदा बरोबर म्हटलं. ते तुमाले सांगावं वाटलं होतं.

तर माह्यं ठरलं. लेकरायसाठी तुमची, तोंडासाठी एलईडी. कप्पा फाटला तरी चालन, दोन्ही ठेवते.

पल्लवी

•

राजस्थान
२४ जुलै २०२४

पल्लवी,

रविवारी मी फोन केला. तू उचलला. मी 'हॅलो' म्हणाच्या आधी मांगून माणसाचा आवाज आला, "चहा नको, पल्लवीताई." मी इचारलं कोण आहे, तर तू म्हणे सर आले, बाबाचा बीपी पाहाले. रविवारी? सुट्टीच्या दिवशी? माह्या घरात, माह्या खाटेवर बसून?

पाच मिनिटं संपले. मांगं शंभर जण रांगेत उभे. मी फोन ठेवला. तेव्हापासून आवाज तोच कानात आहे. ताई म्हणते म्हून काय झालं? मीबी लग्नाआधी तुले एकदा ताई म्हटलं होतं, आसरा गावच्या बसमध्ये, जागा देतानी. आठवते?

अकरा जणींले देली हे मी मानतो. पण दहा जणी माह्या कोणी नाहीत. रोज सकाळी तू पर्समध्ये हात घालते तवा त्याची वस्तू तुह्या हाताले लागते. ती तू लोकायच्या घरात काढते, म्हणते सरनं देली. रामीबाईच्या तोंडातला ठिपका माह्या बॅटरीले दिसला नाही आन् त्याच्या बॅटरीले दिसला, हे तू मले काहून लिवलं? मी इथं चौतीस डिग्रीत... चौतीस काय, पंचेचाळीस डिग्रीत रेतीवर कोपरं घासून राह्यलो, तुमच्यासाठी. आन् तठी माह्या वस्तूची परीक्षा होऊन ती नापास.

मले समजते मी वेड्यासारखं लिवून राह्यलो. रायफल साफ करतानी ठरवतो का आता नाही इचार करायचा. दुसऱ्या मिनिटाले तेच.

म्हून एक सांगतो. ज्याची बॅटरी त्याले वापस कर. नाहीतर काम सोड. दोनपैकी एक. तू ठरव.

विनोद

•

मेडशी
६ ऑगस्ट २०२४

अहो,

काम सोडणार नाही.

बॅटरी आज वापस केली. सर म्हणाले, "खराब झाली का?" मी म्हटलं, नाही, मले हिची सवय होत नाही. त्यायनं ती टेबलाच्या खणात ठेवली. बाकी दहा जणी पाहत होत्या. भागिरथाबाई मांगून येऊन म्हणे, "पागल झाली का वं?" मी खोटं हसली.

तुमची बॅटरी पर्समध्ये आहे. मायचे गुडघे दुखतात, बाबा बरे आहेत, सोयाबीन फुलावर आहे.

पल्लवी

•

राजस्थान
२० ऑगस्ट २०२४

माह्यी पल्लवी,

तुह्यं पत्र चार ओळींचं, पण मी रात्रभर झोपलो तसा तीन महिन्यांत झोपलो नव्हतो. किसनसिंग म्हणे, "आज तू गाना गा रहा है, क्या बात है?"

आमाले परवा बाजारात जायची सुट्टी देली. सगळे मिठाई खात होते, मी बल्ब शोधत फिरलो. चार दुकानं पालथे घातले. एक दुकानदार हसला, "भाईसाब, ये अब कौन लेता है?" पाचव्या दुकानात एका म्हाताऱ्यानं वरच्या फळीवरून डब्बा काढला, त्यात सहा बल्ब भेटले. सगळे घेतले. ह्या पत्रासोबत कापसात गुंडाळून पाठवून राह्यलो. एक तुटला तर दुसरा लाव.

बाबाले वेगळं पत्र टाकलं आहे, शेताचं लिवलं. तू त्याच्यात डोकं घालू नको.

तू माह्यं ऐकलं. मी हे जन्मभर इसरणार नाही.

तुह्या विनोद

•

सरकारी दवाखाना, अकोला
१९ ऑक्टोबर २०२४

अहो,

सप्टेंबरात तुमचे तीन पत्रं आले, मी एकाचंही उत्तर देलं नाही. सोयाबीनची सोंगणी होती म्हून नाही. मले लिवणं होत नव्हतं.

आता खाली बसून वाचा. बाबाचं ऑपरेशन झालं, परवा, सतरा तारखेले. तोंडाचं.

महिनाभरापासून त्यायले तिखट लागत होतं. मंग जबडा उघडेना, भाकर दुधात कुस्करून खायचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीले भागिरथाबाई घरी आली, तिनं पाह्यलं. डाव्या गालाच्या आत सुपारीएवढा चट्टा, मधात लाल, कडेनं पांढरा. दुसऱ्या दिवशी सरनं पाह्यलं आन् अकोल्याले पाठवलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निंघाला. गालाचा आतला भाग काढला आन् मांडीचं मास तिथं लावलं. डॉक्टर म्हणतात सगळं काढलं, पुढं काही दिवस किरणं द्या लागतीन, माणूस वाचते. बोलणं आता पहिल्यासारखं येणार नाही. दोन महिने आधी आले असते तर इतकं कापा लागलं नसतं, असं बी म्हणाले.

बाबानं कोणाले दाखवलंच नाही. मी पाहते म्हटलं का तोंड फिरवत. खर्रा बंद करा लागन म्हून भेत असतीन. कोणाचीच चूक नाही. तुमी मनाले लावून घेऊ नका. फोनवर सांगतलं नाही, कारण मायनं शपथ घातली होती, पोराची परीक्षा आहे म्हून.

बाबा डोळे उघडून पाहतात. मी 'तुमचा विनोद' म्हटलं का पाणी येते.

पल्लवी

•

राजस्थान
२८ ऑक्टोबर २०२४

पल्लवी,

तुह्यं पत्र मैदानातच वाचलं. सुट्टीचा अर्ज टाकला आहे. ऑपरेशन झालेलं आहे, जिवाले धोका नाही, म्हून डिसेंबरात भेटन म्हणतात.

बाबानं तोंड फिरवलं तर तू जबरदस्ती काहून नाही केली? तू गावभर लोकायचे तोंडं पाहत फिरते आन् घरातलं पाह्यलं नाही?

आन् हे सांग. अकोल्याले कशात नेलं? गाडी कोणाची? मायचे गुडघे असे, बाबा असे, मंग तुह्यासोबत दवाखान्यात कोण होतं? तू लिवलं 'सरनं पाठवलं'. पाठवलं, का सोबत आला? किती दिवस आला? मले माईत आहे, हे इचाराची ही वेळ नाही. पण मी इतक्या दूर बसून काय काय पाहतो हे तुले समजणार नाही. खरं लिव.

विनोद

•

मेडशी
१२ नोव्हेंबर २०२४

बेटा इनोद,

जय भीम. तोंडाले पट्टी आहे, नळीनं दूध पाजतात, बोलणं बंद आहे. म्हून सातवी पास माणसाचं हे अक्षर सहन कर. पल्लवी कामावर गेली. तुह्यी माय आंगणात सोयाबीन निसून राह्यली.

तुह्यं मांगचं पत्र मी वाचलं. पल्लवीनं दाखवलं नाही. तिच्या उशीखाली होतं, मी चोरून वाचलं. सासऱ्यानं सुनेचं पत्र वाचू नाही. पण वाचलं ते बरं झालं.

तिनं तुले खोटं लिवलं. मी तोंड फिरवलं नव्हतं. पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मले खाटेवर बसवलं, तुही बल्बची बॅटरी काढली, आन् मी आऽ केला. लय येळ पाहत होती. बल्ब बदलून पाह्यला, तू पाठवला होता तो. म्हणे, "बाबा, सगळं पिवयं दिसून राह्यलं, मले समजत नाही. दवाखान्यात चला, सर पाहतीन." मी म्हटलं, नाही येत.

काहून नाही? तुह्यं पत्र माह्या बंडीच्या खिशात होतं. पल्लवी समजे ते शेताचं आहे, शेताचं त्यात काहीच नव्हतं. तू लिवलं होतं, "बाबा, पल्लवीले त्या सरपासून दूर ठेवा. त्याले घरात घेऊ नका, तुमीबी दवाखान्यात जाऊ नका, तिले तठी जायाचं कारण भेटते." मी तुह्यं ऐकलं. पोरगा परदेशी आहे, त्याच्या मनाले घोर नको, म्हून ऐकलं. तिले सांगतलं नाही. ती तीनदा म्हणे चला. तिसऱ्यांदा रडली. तिले वाटे मी खर्ऱ्यासाठी नाही म्हणतो.

तिनं भागिरथाची बॅटरी मांगून आणली असती, दोन मिनिटाचं काम. पण तुले शब्द देला होता ना. मंग भागिरथा आपल्या मनानं आली, तिनं तिची एलईडी तोंडात मारली, एका नजरेत तिचं तोंड उतरलं. पल्लवी मांगं उभी होती. 

तो सर अकोल्याले दोनदा आला. एकदा कागदपत्राले. एकदा मले रक्त लागलं तवा. देलं आन् गेला, चहाबी नाही प्याला. पल्लवीसोबत दवाखान्यात कोण होतं इचारतो? तुह्यी माय होती. गुडघे धरून, अकरा दिवस, फरशीवर.

आता तुले एक सांगतो, हे मी कोणाले सांगतलं नाही. तू व्हायच्या आधी आपल्या विहारात साक्षरतेचे वर्ग भरत. शिकवणारा शेषराव मास्तर, जवान पोरगा. तुह्यी माय रोज जाये. आपलं नाव लिवाले शिकून राह्यली होती. नावातलं पहिलं 'रु' लिवता ये, पुढच्या जोडाक्षरात अडके. एक दिवस मी दारातून पाह्यलं, मास्तरनं तिचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवलं. मी घरी आल्यावर पाटी फोडली. तिनं काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेली नाही. मी समजलो, इसरली.

ऑपरेशनच्या कागदावर नर्सनं तुह्या मायले सही मांगतली. मी बाजूच्या खाटेवर पडून पाहत होतो. तिनं पेन हातात घेतला, थोडा येळ धरला, मंग वापस देला आन् आंगठा पुढं केला. माह्या तोंडाले तवा पट्टी नव्हती रे. दुखत होतं, पण दोन शब्द बोलता आले असते. बोललो नाही. आता बोलतो म्हटलं तर आवाज निंगत नाही.

मी तीस वर्षं गमावले. तुह्ये अजून तीनच झाले.

तुह्या बाप
इंद्रभान

•

राजस्थान
२२ नोव्हेंबर २०२४

पल्लवी,

बाबाचं पत्र आलं. त्यायनं सगळं लिवलं.

तुले एक गोष्ट माईत नाही, ती बाबानं नाही, मीच सांगतली पाह्यजे. ऑगस्टात मी बाबाले जे पत्र टाकलं ते शेताचं नव्हतं. त्यात मी लिवलं होतं का तुले सरपासून दूर ठेवा आन् तुमी दवाखान्यात पाय ठेवू नका. बाबा तुह्यासोबत आले नाहीत ते खर्ऱ्यासाठी नाही, माह्यासाठी. तू तीनदा म्हटलं आन् तिन्ही वेळा माह्यं पत्र मधात आडवं आलं.

तू मले वाचवाले खोटं लिवलं आन् मी तुलेच इचारलं का घरातलं तोंड काहून पाह्यलं नाही. ते वाक्य मी कसं लिवलं असन?

खोटं बोलत नाही आता. सरनं रक्त देलं हे वाचलं तवाबी पहिले पोटात जळलंच. वाटलं, माह्या बापाच्या अंगात त्याचं रक्त, माह्यं काहून नाही? मंग लाज वाटली. पण जळलं पहिले, लाज मांगून आली. हे माह्यं असं आहे. किसनसिंगले सगळं सांगतलं. तो हसला नाही. म्हणे, "भाभी को सब लिख दे, एक भी लाइन मत छोड़." सरले पत्र लिवाले बसलो, 'माननीय' च्या पुढं गेलं नाही. आल्यावर तोंडानं बोलतो.

काम सोडू नको. मी म्हटलं तरी सोडू नको.

सुट्टी मंजूर झाली. सतरा डिसेंबरले दुपारच्या एसटीनं मेडशीले उतरतो. स्टँडवर येशील का? मले माफ करशील का?

विनोद

•

मेडशी
५ डिसेंबर २०२४

अहो,

तुमचं पत्र परवा आलं. परवा उत्तर लिवलं असतं तर लय वाईट लिवलं असतं, म्हून दोन दिवस थांबली.

बाबाले तुमी पत्रात काय लिवलं ते मले खरंच माईत नव्हतं. दोन महिने मी एकच म्हणत होती, का त्या दिवशी भागिरथाबाईची बॅटरी मांगून आणली असती तर. शब्द देला होता हे तर होतंच. पण अजून एक होतं, ते बाबाले बी माईत नाही. तिच्या हातात ती एलईडी पाह्यली का माह्या जिवाले आग लागे. दहा जणी पांढऱ्या उजेडात काम करतात, त्यायचे चट्टे सापडतात, सर त्यायले शाबास म्हणतात, आन् मी पिवळ्या उजेडात चाचपडते. म्हून मी तिच्यापाशी हात पसरला नाही. जळणं तुमालेच येते असं नाही. माह्या जळण्यानंबी बाबाचा महिना खाल्ला.

तुमचं पत्र वाचून पहिले हलकं वाटलं, का माह्या एकटीचं नव्हतं. मंग राग आला. मंग इतका आला का मी न्हाणीत जाऊन बसली. भाकरी मायनं केल्या, अशा गुडघ्यायनं.

काल सरकडे गेली आन् म्हटलं, माही बॅटरी पाह्यजे. त्यायनं खणातून काढून देली. तुमाले आधी इचारलं नाही. आता कामाचं काहीच इचारणार नाही, सांगत मात्र जाईन.

बाबा पेज चमच्यानं घेतात. किरणं देणं सुरू आहे, आठवड्यातून पाच दिवस अकोला, मी नाहीतर माय सोबत जाते. तुमी आले का ते काम तुमच्याकडे.

स्टँडवर मी येणार नाही. सतराले मंगळवार आहे, लसीकरणाचा दिवस, माह्या यादीत अठ्ठावीस लेकरं आहेत. तुमी उतरा आन् पायी घरी या. बाबा ओसरीत बसलेले असतीन. त्यायचं तोंड एका बाजूनं आत गेलेलं आहे, पाहून दचकू नका, ते तुमच्या चेहऱ्याकडेच पाहत राहतीन. त्यायले बोलता येत नाही, तुमीच बोला, जे बोलायचं ते. मी पाचले येते.

माफ करशील का, इचारलं. नाही केलं. करन का नाही, आज सांगता येत नाही.

पण या. समोरासमोर भांडू. पत्रात मले पूर्ण भांडता येत नाही.

पल्लवी